एक पाल, सहपत्राविना

जगातल्या प्रत्येक समस्येसाठी एक योग्य जागा असते आणि ती जागा म्हणजे पलीकडचे टेबल. सगळा सुसंस्कृत समाज याच तत्त्वावर उभा आहे. ज्या कार्यालयात हे तत्त्व पाळले जाते तिथे कामे तुंबत नाहीत, फिरत राहतात. आणि फिरणारी गोष्ट जिवंत असते, हे शास्त्रालाही मान्य आहे.

जावककाकांनी हे तत्त्व जितक्या निष्ठेने पाळले तितके क्वचितच कुणी पाळले असेल. चौतीस वर्षे ते एका मोठ्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसले. (नाव त्या टेबलाने दिले. खरे नाव पगारपत्रकावर होते, पण ते कुणी वाचत नसे.) आलेला कागद आवक वहीत चढवायचा, क्रमांक टाकायचा, जावक वहीत उतरवायचा आणि पुढे धाडायचा. या काळात त्यांनी अंदाजे दोन लाख अठरा हजार कागद पुढे पाठवले. त्यांतला एकही वाचला नाही, त्यामुळे त्यांचा एकही निर्णय चुकला नाही. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यांच्या टेबलावर कधी काही राहिलं नाही." टाळ्या झाल्या, काकांच्या डोळ्यांत पाणी आले. वह्या मात्र कार्यालयाने ठेवून घेतल्या, म्हणून घरी येता येता काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन कोऱ्या वह्या घेतल्या.

असा माणूस घरात असताना करंगळीएवढ्या पालीची काय बिशाद! पण पालीला हे कुणी कळवले नव्हते.

प्रकरणाला मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता तोंड फुटले. काकूंनी चहाच्या डब्याचे झाकण काढले, तर झाकणाच्या आतल्या बाजूला ती चिकटलेली. फिकट, पोरसवदा, आणि आपणच घरमालक असल्यासारखी काकूंकडे पाहणारी. काकूंनी झाकण फेकले, डबा फेकला आणि हातात उरलेला चमचाही फेकला. (चमचा काकांना लागला. तशी नोंद आहे.) पाल ओट्यामागे गेली.

"अहो, एक तर ती या घरात राहील नाहीतर मी!" काकू ओरडल्या.

अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने झाडू घेतला असता. काकांनी पेन घेतले.

"हे लेखी दे," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे आवक करून घेतो."

 काकूंनी कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडले, मागे लिहिले, 'ताईकडे जाते आहे. पाल जाईपर्यंत येणार नाही,' आणि कागद टेबलावर आपटला. काकांनी त्यावर आवक क्रमांक एक टाकला, तारीख घातली, खाली 'पाहिले' असे लिहून सही केली. मान वर केली तोवर बाहेरचे दार आपटून झाले होते.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. ती दोन गल्ल्या सोडून राहत होती, तेव्हा घाबरण्यासारखे काही नव्हते. घाबरण्यासारखे होते ते हे, की ताई येत्या रविवारी सकाळी सहा महिन्यांसाठी मुलाकडे निघाली होती आणि सोबतीला काकूंनी यावे म्हणून तिने दोन वर्षे टुमणे लावले होते. म्हणजे मुदत शनिवार संध्याकाळ. काकूंशिवाय सहा महिने!  लग्नाला बेचाळीस वर्षे झाली होती आणि त्यांत काकांनी स्वतः चहा केल्याची एकही नोंद उपलब्ध नव्हती.

कोणतेही काम न करता सुरू करायचे असेल तर आधी माहिती मागवावी लागते. काकांनी इमारतीतल्या अकरा बिऱ्हाडांची दारे वाजवली. निष्कर्ष असे:

पालीवर उपाय माहीत असलेली बिऱ्हाडे: अकरा.
उपाय हमखास असल्याची खात्री: शंभर टक्के.
घरात पाल असलेली बिऱ्हाडे: अकरा.

इतके एकमत काकांनी चौतीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनी सगळे उपाय क्रमाने अंमलात आणले. अंड्याची टरफले ओट्यावर मांडली. पालीने पहिल्या दिवशी त्यांची पाहणी केली आणि दुसऱ्या दिवशी एका टरफलाच्या सावलीत विश्रांती घेतली. (शेरा: सुविधेबाबत पालीची तक्रार नाही.) लसणाच्या पाकळ्या खिडकीत ठेवल्या, पाल जागची हलली नाही, पण वर्तमानपत्रवाला दोन पायऱ्या खालूनच पेपर फेकू लागला. थंड पाण्याचा फवारा मारला, तेव्हा मात्र शंभर टक्के परिणाम झाला. ट्यूबलाइट गेली.

बुधवारी दुपारी काकांना साक्षात्कार झाला. आपण पाल घालवायला निघालो होतो, हीच चूक. घालवणे हे आपले काम कधीच नव्हते. आपले काम पुढे पाठवण्याचे.

त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, बैठकीच्या खोलीचे दार उघडले आणि ओट्यामागे झाडूची काडी हळूच फिरवली. पाल बाहेर आली, भिंत चढली, चौकट ओलांडली आणि घड्याळामागे जाऊन बसली. काकांनी जावक वही उघडली. 'जावक क्र. १. प्रेषक: स्वयंपाकघर. प्रति: बैठकीची खोली. विषय: पाल.' चौतीस वर्षांचा सूर हाताला बरोबर लागला. त्यांनी उत्साहाने काकूंना फोन केला.

"गेली!"

"कुठे गेली?"

"बैठकीच्या खोलीत. पुढील कार्यवाहीसाठी."

फोन कट झाला. काकांना वाटले, रेंज गेली असेल.

गुरुवारी पाल बैठकीच्या खोलीतून झोपण्याच्या खोलीत अवलोकनार्थ रवाना झाली, तिथून मोरीत अभिप्रायार्थ आणि मोरीतून पुन्हा स्वयंपाकघरात फेरसादर. दिवसभरात एकूण सात जावक, सात आवक. काका वह्या घेऊन तिच्यामागे धावत होते, धापा टाकत होते, आणि खोटे कशाला सांगा, निवृत्त झाल्यापासून इतके सुखी ते कधीच झाले नव्हते. पालही आता सरावली होती. काका चौकटीशी वही उघडून बसले की ती आपणहून निघे. अशी पाल कार्यालयात असती तर तिला बढती मिळाली असती.

मग चहाची वेळ झाली आणि तिसऱ्या दिवशीही चहा आला नाही. काका ओट्यापाशी उभे राहिले. गॅसच्या कोणत्या बटणाने कोणती शेगडी पेटते, हे त्यांना ठाऊक नव्हते. घर एकदम मोठे वाटू लागले. त्यांना काकूंची फार आठवण आली.

शुक्रवारी त्यांनी पालीला घराबाहेर पाठवायचे ठरवले. पलीकडचे टेबल समोरच होते, म्हणजे शेजारच्या बाईंची गॅलरी. मध्ये दीड हाताची भिंत. काकांनी पालीला गॅलरीच्या कठड्यापर्यंत आणले. शेवटच्या क्षणी ती थबकली, काकांनी घाईने बोट पुढे केले आणि शेपूट त्यांच्या चिमटीत राहिले. पाल भिंतीपलीकडे. शेपूट इकडे, अजून वळवळत.

दुसरा कुणी किंचाळला असता. काका क्षणभर किंचाळले, मग त्यांनी शेपूट पाकिटात घातले आणि वहीत लिहिले, 'सोबत सहपत्र: एक (मागे राहिले).'

आणि लिहिता लिहिता त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सहपत्र नसलेला कागद अपूर्ण असतो आणि अपूर्ण कागद परत पाठवता येतो. या एका नियमावर स्वतः काकांनी हजारो अर्ज परत धाडले होते. लोक उन्हातान्हात तीन-तीनदा येत, गयावया करत, काका खिडकीतून एवढेच म्हणत, "सहपत्र नाही." आणि शेजारच्या बाई कोण होत्या? दुसऱ्या एका कार्यालयातून निवृत्त झालेल्या हेडक्लार्क.

शनिवारी दुपारी दारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकणाला बारीक भोके पाडलेली, वर चिठ्ठी: 'आपल्याकडून गॅलरीमार्गे आलेली पाल मिळाली. तथापि सहपत्र (शेपूट, एक नग) जोडलेले दिसत नाही. सबब अपूर्ण प्रकरण मूळ पालीसह परत.'

काकांनी चिठ्ठी तीनदा वाचली. असा मजकूर लिहिणारी माणसे आता राहिली नाहीत, असे त्यांना मनापासून वाटले. मग ते डबा आणि पाकीट घेऊन शेजारी गेले.

"बाई, हे घ्या सहपत्र. आता ठेवून घ्या."

बाईंनी चष्मा लावून पाकिटात पाहिले. "हे सुटं आहे. याच पालीचं कशावरून?"

"अहो, माझ्या डोळ्यांसमोर तुटलंय!"

"मग तसं साक्षांकित करून आणा," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा आवाज थंड होता. "उद्या सकाळी सातला निघतोय आम्ही. आज पाचला बॅग भरायला येते. उन्हाळी कपडे वरच्या कप्प्यात आहेत ना?"

काका जिन्यात उभे होते. एका हातात डबा, एका हातात शेपूट, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पलीकडे टेबल नव्हते. त्यांना रडू येईल असे वाटले. आले नाही, कारण वेळ तीन वाजून दहा मिनिटांची होती आणि मुदत पाचची.

अशा प्रसंगासाठी कार्यालयात एक शेवटचा मार्ग असतो. त्याला हातबटवडा म्हणतात. कागद टपालाने न पाठवता माणसाने स्वतः चालत जाऊन, स्वतःच्या हाताने, ज्याच्या त्याला द्यायचा. काकांनी दोन लाख अठरा हजारांपैकी एकही कागद असा पोचवला नव्हता. त्यांनी चपला घातल्या.

वाटेत बाग लागली. तिथे झाडाखाली डबा उघडता आला असता, पण झाडाला पत्ता नसतो आणि 'प्रति' कोरे ठेवून जावक करणे काकांच्या रक्तात नव्हते. ते चालत राहिले. तीन गल्ल्यांपलीकडे त्यांना योग्य व्यक्ती सापडली आणि त्यांनी डबा उघडला. पाल लगेच गेली नाही. काठावर बसून तिने एकदा काकांकडे पाहिले. चार दिवसांचा सहवास होता. काका म्हणाले, "नीट राहा गं," आणि मागे न पाहता झपाझप घरी आले.

काकू पाचला आल्या. त्यांनी ओट्यामागे पाहिले, घड्याळामागे पाहिले, चहाचा डबा लांबून काठीने उघडला.

"खरंच गेली?"

"मी स्वतः नेऊन दिली."

"स्वतः?" काकू खुर्चीवर बसल्या. "तुम्ही? चालत?"

"चालत."

काकूंनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ताईकडे तीन आहेत पाली. एक तर माझ्या उशीजवळच असायची."

काका चाट पडले. "मग इथल्या एकीसाठी घर सोडलंस?"

"पालीसाठी कोण घर सोडतं? मी किंचाळले तेव्हा तुम्ही पेन काढलंत, म्हणून गेले. तिकडे निदान कुणी क्रमांक तरी टाकत नाही."

 काका उठून ओट्यापाशी गेले आणि त्यांनी शेगडीचे एक बटण फिरवले. दुसरीच शेगडी फुसफुसू लागली. काकूंना हसू फुटले. त्यांनी काकांना बाजूला सारले, आधण ठेवले आणि चहा उकळताना ताईला फोन करून सांगितले की माझे तिकीट रद्द कर. काकांनी आवक वही आणि जावक वही वरच्या कप्प्यात, उन्हाळी कपड्यांखाली ठेवून दिल्या.

तत्पूर्वी त्यांनी एक शेवटची नोंद केली होती. ती नियमानुसार आपल्याला कळवणे आवश्यक आहे.

'जावक क्र. १९. हातबटवडा. प्रति: तळमजल्याच्या उघड्या खिडकीत वाचत बसलेली व्यक्ती. गालात हसत होती. मजकूर बहुधा दुसऱ्या कुणाच्या फजितीचा असावा. वाचनात इतकी गढलेली, की पाल चौकटीवरून आत जाऊन खुर्चीमागच्या भिंतीवर स्थिरावली तरी मान वर केली नाही. व्यत्यय आणणे उचित वाटले नाही.'

तरी आपण वाचन आटोपून मागे पाहावे आणि पोच द्यावी. सहपत्र जोडलेले नाही, या कारणास्तव प्रकरण परत करता येणार नाही. नवे फुटत आहे.