हद्दपार लेखकाचं लॅमिनेशन

अदिती पत्र टेबलावर ठेवून आंघोळीला गेली आणि तेवढ्यात तिच्या बाबांचा, दिगंबररावांचा, त्या कागदावर जीव जडला.

देशातून हाकललेल्या एका नामांकित फ्रेंच लेखकाने कुठल्याशा बेटावरून स्वतःच्या हाताने ते लिहिलं होतं, शेजारच्या मादाम ल्युसीच्या पणजीला. मादाम ते उद्या म्युझियमला देणार होती. भाषांतर अदितीकडे होतं.

दिगंबररावांना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. पण शाई जिथे फिकी झाली होती, तिथे तो बापडा लिहिता लिहिता थांबून समुद्राकडे बघत बसला असणार, एवढं त्यांना कळलं. अमेरिकेत ट्रॉयला लेकीकडे आल्यापासून तेही खिडकीतून बर्फाकडे तसंच बघत बसायचे. कागदाच्या कडा मात्र बोट लागलं तरी झडत होत्या.

"एवढा मोठा माणूस, आणि साधं लॅमिनेशन नाही!" ते हळहळले.

ज्याने लेकीच्या मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये जपलं, त्याला हे बघवेना. नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेलं मशीन कपाटातच होतं. ते मंद गुणगुणलं, आणि पाण्यातून मासोळी वर यावी तसं पत्र चमकत बाहेर आलं.

"बाबा! काय केलंत हे?"

"आता पाणी सांडलं तरी चिंता नाही."

"अहो, म्युझियमवाले ह्याला ग्लोव्हज घालून हात लावतात! तुम्ही चक्क इस्त्री केलीत?"

"फार गरम नव्हतं गं."

घाबरून त्यांनी नेलकटरने कोपरा उचकटला, तर तारखेचं शेपूट प्लास्टिकबरोबर वर आलं. अदितीने म्युझियमला फोन केला. तिकडून एवढंच उत्तर आलं, "नो, थँक यू."

"म्हातारीचं तेवढंच तर होतं, बाबा. तिला काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी सांगतो."

मादामच्या दाराशी पोचेपर्यंत दिगंबरराव पुटपुटत सॉरीची प्रॅक्टिस करत होते. मादामने दोघांना बसवून कॉफी दिली आणि पत्र हातात घेतलं. मग तिने ओळींवरून बोट फिरवलं, पत्र गालाला लावलं. त्या गडबडीत कॉफी लवंडली ती थेट पत्रावर. दिगंबररावांनी डोळे मिटून घेतले. मादामने बाहीने पत्र पुसलं आणि ती खळखळून हसली. मग फ्रेंचमध्ये बरंच काही बोलली.

"लहानपणी हात लावला म्हणून आईचा मार खाल्ला होता म्हणे," अदिती हळूच म्हणाली. "आज पहिल्यांदा धरता आलं."

मादाम आत गेली आणि एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत त्याच लेखकाची पत्रं, तेच तिरकं अक्षर, काठोकाठ.

"आता काय म्हणतेय?"

अदितीने कपाळाला हात लावला. "विचारतेय, प्लास्टिक अजून शिल्लक आहे का."