करदोड्याचा चष्मा

भगवंताच्या चष्म्याला डावी काडी नव्हतीच. अकरा वर्षांपूर्वी ती मोडली, तेव्हा कमरेला बांधायचा काळा करदोडा, जत्रेतून आणलेला, कोराकरकरीत, त्याने चौकटीला गाठवला, कानामागून फिरवला आणि विषय मिटवला. खोडदच्या पारावर असे दोऱ्याचे चष्मे आणखी तिघांना होते, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते फक्त त्याच्या मुलाला, ऋषीला.

"आण्णा, मी विमान चालवायला शिकतोय, अन् तुमी अजून चष्म्याला करदोडा बांधताय!" शनिवारी घरात पाऊल टाकताच ऋषी म्हणाला. "कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

"म्हनंल, म्हाताऱ्याला दिसतंय."

एरवी ऋषी यावर हसला असता. आज तो कानशिलं चोळत खाली बसला. त्याची आई सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पोराचं तोंड बघून तिथेच थांबली.

"डोकं दुखतंय व्हय रे?"

"रोजचंच आहे." ऋषीने पिशवीतून दोन जाड वाट्यांचा हेडसेट काढला. त्याच्या वायरीला सेल घालायची लहानशी डबी होती. बारामतीच्या बाजूला तो विमान शिकत होता, तिथल्या एका जुन्या विद्यार्थ्याने नोकरी लागल्यावर आपला हेडसेट ह्याला देऊन टाकला होता. "हे बटण दाबलं की इंजिनाची घरघर गडप. पण माझ्या चष्म्याच्या काड्या पडल्या जाड. वरून हा आवळतो, अन् तासाभरात कानशिलं ठणकतात. जरा ढिला केला की फटीतून आवाज शिरतो अन् खालून टॉवरवाले काय सांगतात ते ऐकूच येत नाही. दोनदा नापास केलंय मला. परवा सोमवारी शेवटची परीक्षा. साहेब म्हणाले, ह्या वेळी नाही जमलं तर सामान आवर."

"मंग दुसरा चष्मा घाल की," सारजाबाई म्हणाली.

"तो मागच्याच महिन्यात ह्याच्याखाली मोडला, आई."

ते 'सामान आवर' भगवंताच्या काळजात रुतलं. अख्खं गाव पोराला वर्षभर 'पायलट' म्हणून हाक मारत होतं. विमान वरून गेलं की शेतातली बाया-माणसं हात करायची, मग ते विमान कुणाचं का असेना.

रविवारी जेवून, डोकेदुखीची गोळी घेऊन ऋषी आडवा झाला. चष्मा कोनाड्यात होता. भगवंताने तो उचलला, उजेडात धरला आणि त्याला सगळं लख्ख समजलं. काड्या जाड आहेत ना? मग बारीक करायच्या! एवढं शिकलेल्या पोराला हे सुचू नये? विळ्याला धार लावायची कानस घेऊन तो ओट्यावर बसला. अर्ध्या तासात दोन्ही काड्या खराट्याच्या काडीएवढ्या झाल्या.

आता केलेलं काम तपासून बघायला नको? भगवंताने आपला चष्मा काढून खिशात घातला, पोराचा डोळ्यांवर चढवला, वरून हेडसेट बसवला, बटण दाबलं आणि तो अंगणातल्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला. क्लच दाबून त्याने चावी फिरवली. ट्रॅक्टर एकदा गुरगुरला आणि गप्प झाला.

"बंद पडला वाटतं," भगवंत पुटपुटला. त्याने रेस वाढवली. तरी गप्पच. बुडाखाली सीट थरथरत होती खरी, पण आवाजच नाही म्हटल्यावर ट्रॅक्टर चालू आहे हे त्याच्या मनाला पटेना. त्याने आणखी रेस वाढवली.

तेवढ्यात सारजाबाई घरातून धावत आली. दोन्ही हात वर करून ती काहीतरी ओरडत होती. ऋषीच्या नंबरातून ती भगवंताला अंगठ्याएवढी दिसली, पार गावाबाहेरच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या तव्यांएवढाल्या तबकड्यांजवळ उभी असल्यासारखी. चहाला बोलावतेय, असं समजून भगवंताने मान डोलावली आणि खाली उतरायला क्लचवरचा पाय उचलला.

ट्रॅक्टर रिव्हर्सला होता. तो जो मागे सुटला, तो थेट उकिरड्यात जाऊन अर्ध्या चाकापर्यंत रुतला. हिसक्याने हेडसेट गळ्यात आला, चष्मा मांडीवर पडला आणि कानसलेल्या दोन्ही काड्या मुळाजवळ तुटल्या.

"अवो, बहिरं झालात का आंधळं?" सारजाबाई ओरडली.

"दोनी," भगवंत प्रामाणिकपणे म्हणाला.

आवाजाने जागा झालेला ऋषी डोळे बारीक करत दारात आला. बापाच्या हातातली नुसती भिंगं बघून तो पायरीवरच बसला. रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं भगवंताला वाटलं.

शेजारचा गोरख उकिरड्यातला ट्रॅक्टर बघायला म्हणून आला आणि सगळं ऐकून मोटारसायकलवरून नारायणगावला पिटाळला गेला. दीड तासाने तसाच परत आला.

"भाऊ, चष्मेवाला मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय. दुकानाला ह्ये टाळं! मंगळवारी उगडंल म्हनं."

ऋषीला पहाटेची एसटी धरायची होती. शेवटी सारजाबाईच वैतागून म्हणाली, "आता बसलात काय नुसतं? तुमच्याला बांधलाय तसा ह्याच्यालाबी बांधा की करदोडा!"

"आई! विमान चालवायचंय मला, गुरं नाही राखायची!"

"मंग हाताने धरून चालीव."

सारजाबाईने डब्यातून कोरा करदोडा काढून दिला. भगवंताने काड्यांच्या उरलेल्या खुंटांना गाठी मारल्या, दोरा पोराच्या कानांवरून मागे नेला आणि डोक्यामागे बेताने आवळला.

"रुततंय का रे?"

"नाही," ऋषी तुटकपणे म्हणाला आणि त्याने हेडसेट चढवून बटण दाबलं. गोरखने ट्रॅक्टर चालू केला आणि उकिरड्यातून बाहेर काढण्यासाठी एवढी रेस दिली की पलीकडची कोंबडी पळाली.

ऋषी ओट्यावर बसला होता. त्याने वाट्या दाबून बघितल्या. मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. मग हळूच म्हणाला, "आण्णा, गोरखकाकांनी ट्रॅक्टर बंद का केला?"

सारजाबाईने पदर तोंडाला लावला. ऋषी तसाच तासभर बसून राहिला, पण त्याने एकदाही कानशील चोळलं नाही.

सोमवारी भगवंत वावरात गेलाच नाही. फोनसमोर पाट टाकून बसला. ट्रॅक्टरची घाण धुऊन झाली, चहा तीनदा झाला, तरी फोन वाजेना. दुपारी दोनला वाजला, तेव्हा रिसिव्हर उचलायला त्याचा हातच होईना. सारजाबाईने तो उचलून त्याच्या कानाला लावला.

"आण्णा, पास झालो! दीड तास वर होतो. टॉवरवाल्यांचा शब्दन्‌शब्द ऐकला, अन् डोकं जरासुद्धा दुखलं नाही!"

कालपासून भगवंताच्या छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, तर करदोडा कानालाच अडकला. "झालं रं बाबा, झालं!" एवढंच त्याला म्हणता आलं.

"अजून ऐका की. साहेबांना पण चष्मा आहे. वीस वर्षं त्यांची कानशिलं ठणकतायत. खाली उतरल्यावर त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, स्वतःचा हेडसेट लावून बघितला, अन् आता परत द्यायला तयार नाहीत. विचारतायत, असा कुठं मिळतो?"

भगवंताने घसा साफ केला. त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

"त्यास्नी सांग, करदोडा जत्रंत कुटंबी मिळंल," तो म्हणाला. "पन काड्या मोडायला चष्मा हिकडंच धाडून द्या म्हनावं. त्ये काम नाजूक हाय, त्याला ट्रॅक्टर लागतो."