रिकामी आणा, भरलेली न्या

स्टोअरकाकांनी कपडे धुण्याचं द्रावण घरीच बनवायला घेतलं, त्यात त्यांचा फायदा महिन्याला पावडरीच्या एका पुड्याएवढा होता. काकूंचा फायदा मोठा होता. चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराची मोजदाद सुरू केली होती. आता ते दिवसभर गॅलरीत बसू लागले. काकांना मात्र तिसरंच काही हवं होतं. स्टोअरच्या खिडकीशी रोज पन्नास माणसं "साहेब, तेवढं द्या ना" म्हणत यायची. घराच्या दाराशी दूधवालाही बिलापलीकडे बोलत नसे.

लिंबाच्या साली, साखर, पाणी. पिंपात तीन महिने आंबवायचं, गाळायचं, मग धुण्याचा सोडा. सोडा पडला की पिंप असं फसफसायचं की काका दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे कौतुकाने बघत राहायचे. मग लिटरभराच्या बाटल्या, प्रत्येकीवर नंबर आणि वहीत नोंद.

पहिली बाटली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाईंकडे गेली. त्यांच्या घरातला पांढरा शर्ट धुऊन निघाला तो तपकिरी. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"कसे निघाले कपडे?"

काठावर पास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "छान निघाले हो."

"मग दुसरी न्या. फक्त रिकामी आणायची, तेव्हाच भरलेली मिळेल. आपली शिस्त आहे."

"आणि नाही आणली तर?"

"मी येईन की घ्यायला."

इथेच सगळी बिल्डिंग अडकली. बाटली रिकामी केल्याशिवाय सुटका नाही, आणि ती कपड्यांवर रिकामी करायची कोणाची छाती नाही. तेव्हा दर रविवारी अकरा बिऱ्हाडांत अकरा बाटल्या मुकाट्याने मोरीत उलट्या होऊ लागल्या. सोमवारी काकांच्या दाराशी रांग. "काका, तुम्ही होतात म्हणून बरं," असं जो तो म्हणे. काकांची मान ताठ झाली, एकाची तीन पिंपं झाली.

अशाच एका सोमवारी प्लंबर जिना चढून वर आला, तो तणतणतच.

"तीन महिने ह्या बिल्डिंगमधनं एक फोन नाही. महिन्याला दोनदा तुंबणारी लाईन. मला वाटलं, दुसरा प्लंबर घुसला. आज झाकण उघडलं तर पाईप ताटासारखा लख्ख, आणि लिंबाचा वास. काय ओतताय तुम्ही लोक?"

रांगेतल्या सगळ्यांना आपापल्या चपला फार बघण्यासारख्या वाटू लागल्या.

"कपडे धुतलेलं पाणी जात असेल," काका म्हणाले.

"कपड्यांच्या पाण्यानं हे होत नाही काका. हे थेट ओतलेलं आहे. बाटल्याच्या बाटल्या."

काकांनी वही मिटली. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"दर रविवारी," बाई हळूच म्हणाल्या. "साडेदहाला."

तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई पुढे आल्या. बिल्डिंगचं तुंबलेलं सगळं पाणी सहा वर्षं त्यांच्याच मोरीतून वर यायचं.

"काका, मी गिऱ्हाइकांचं कापड छताला टांगून ठेवायचे. आता तीन महिने घर कोरडं आहे. रोज शिवायला बसले की कोणाचे तरी आभार मानते, कोणाचे मानायचे तेवढं ठाऊक नव्हतं." त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी तर म्हणते, मला दोन देत जा."

काकांनी वही उघडली, वरचं 'कपडे' खोडलं आणि 'मोरी' लिहिलं. प्लंबर अजून रेंगाळत होता.

"एक मलाही द्या काका. घरची तुंबलीय. बायको मागे लागलीय, पण मला वेळच होत नाही."

"रिकामी आणलीस?"

रांग पांगल्यावर काका आत आले. "तू कुठे ओततेस गं? बाथरूममध्ये का?"

काकू चादरीची घडी घालत होत्या. "मी कशाला ओतू? तुम्ही एवढं खपून बनवलेलं. मी कपडे धुते."

काकांनी तिच्या उघड्या कपाटाकडे प्रथमच नीट पाहिलं आणि घडीचं दुसरं टोक धरलं.

तर ताईंना कोरडी जमीन मिळाली, अकरा बिऱ्हाडांना वाहती मोरी आणि काकांना दाराशी माणसं. ह्या सगळ्याचं मोल मोजलं ते काकूंनी एकट्यांनी: चार चादरी, सहा अभ्रे आणि एक गाऊन, सगळं एकजात फिक्या चहाच्या रंगाचं.