डाव्या पोटरीची नोटीस

पायाचं प्लास्टर काढलं त्याच दिवशी शाल्मलीच्या डाव्या पोटरीने कारखाना बंद केल्याची लेखी नोटीस दिली. कागद घडी करून मोज्यात ठेवला होता.

"सहा आठवडे भार आला नाही. सबब विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार करणारी जनुकं कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. भार मिळाल्यास ती क्रमाने बाहेर काढली जातील. विनंतीअर्ज स्वीकारले जाणार नाहीत."

खो-खोच्या तालुका संघाची निवड महिन्यावर आली होती. शाल्मलीने तरीही अर्ज केला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. तो न उघडता परत आला.

मग भार वाढावा म्हणून तिने दप्तरात पुस्तकांवर वरवंटा ठेवला. घर तिसऱ्या मजल्यावर. पण बाबांनी दप्तर जिन्यापाशीच ओढून घेतलं.

"आण इकडे. पाय बघ, शेवग्याची शेंग झालाय नुसता!"

आठवडाभर हेच चाललं. शनिवारी पत्र आलं, ते बाबांच्या मोज्यात. त्यांच्या पोटरीने भाराबद्दल आभार मानून दुसरी पाळी सुरू केल्याचं कळवलं होतं. बाबांनी ते शेजारच्या सामंतकाकांना वाचून दाखवलं.

"या वयात, सामंत! दुसरी पाळी!"

"बाबा, तो भार माझा होता," शाल्मली म्हणाली. ती एरवी काकांसमोर तोंड उघडत नसे. काका चपापले.

"अगं, दुखेल तुला," बाबा म्हणाले.

"दुखू दे. उद्यापासून दप्तराला हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी ती एक मजला चढून बसली. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर मोज्यात चिठ्ठी सापडली, 'एक कपाट उघडले.' एका रविवारी तिने आळस केला, तर संध्याकाळी चिठ्ठी आली, 'कुलूप शोधत आहोत.' ती तशीच उठली आणि वरवंटा घेऊन दोनदा खाली-वर करून आली.

निवडीच्या दिवशी तिने डाव्या पायावर खांबाला वळसा घातला आणि तिघींना बाद केलं. यादीत तिचं नाव चौथं होतं.

घरी आल्यावर जिन्यापाशी बाबांचा हात सवयीने दप्तराकडे गेला आणि मागे आला. गुरुवारी त्यांच्या मोज्यात दुसरी पाळी बंद होत असल्याची नोटीस आली होती.

"थांबा बाबा." शाल्मलीने जिन्याखालून त्यांची जुनी ऑफिसची बॅग फरफटत काढली. "तुमचं ओझं हे. आत पाटा आहे, जपून उचला."

बाबांनी बॅग खांद्याला लावली. दोघं चढू लागले.