रंगनाथतात्यांचे एरर

आमच्या कॉम्प्युटर क्लासात स्क्रीनवर एररची, म्हणजे चुकीची, लाल अक्षरं उमटली की पोरं कपाळाला हात लावतात. रंगनाथतात्यांचा चेहरा मात्र खुलतो. "आला बरं का मॅडम!" असं ते पाहुणा दारात आल्यासारखं सांगतात, खिशातून मोबाईल काढतात आणि बाहेर जातात.

तात्या आमच्या कोल्हार गावचेच. उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. निवृत्त झालेला माणूस भजनात जातो, पारावर बसतो, फार तर सोसायटीच्या निवडणुकीत पडतो. हे माझ्याकडे पायथन शिकायला आले. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, हे समजावायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "ठावं हाय. माझी मनीषा पुन्यात त्याच्यावरच पोट भरती." मनीषा ही त्यांची एकुलती एक मुलगी.

चपला दाराबाहेर काढायच्या, कीबोर्ड उपरण्याने पुसायचा, मगच बोट लावायचं. इथवर सगळं सोवळ्यातलं. पुढे मात्र रोजचीच रड. कधी उघडलेला कंस बंद नाही, कधी ओळीच्या शेवटचा दोन टिंबांचा कोलन गायब. मी घसा कोरडा करून सांगायचे. ते "व्हय, व्हय" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कोलन पुन्हा गायब. मी दुरुस्तीला हात पुढे केला की, "ऱ्हाऊ द्या मॅडम, मनीला इचारतो." फी मला आणि शंका पुण्याला! मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

त्यात एकदा शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या पूजाला एरर आला. लाल खूण आलेली ओळ तिने उलटसुलट वाचली, चूक काही सापडेना. तात्या वाकून म्हणाले, "पोरी, लाल दाखवती तितं चूक नसती. वरली ओळ बघ. काट्याच्या रांगंत बोंबलतो मागचा ट्रॅक्टर, पन बंद पडलेला असतो म्होरला."

पूजाने वरची ओळ बघितली. कंस उघडाच होता.

मी चाट पडले. दुसऱ्याचा कंस यांना लांबून दिसतो आणि स्वतःचा नाकासमोरचा दिसत नाही? हा माणूस एक तर महाबिलंदर होता, नाही तर मला छळायलाच आला होता.

दिवाळीला मनीषा घरी आली. वडिलांची ही रोजची रड तिला ठाऊकच होती. तिने त्यांना नवा लॅपटॉप आणला, आणि त्यात असं सॉफ्टवेअर टाकून दिलं की कंस उघडताच शेजारी बंद होणारा कंस आपोआप उमटतो. कोलन विसरला तर तिथल्या तिथे खाली लाल नागमोडी रेघ, आणि एक बटण दाबलं की तो आपोआप जागेवर.

सुट्टी संपल्यावर तात्या आले ते तोंड पाडूनच. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्ये मशीन खराब हाय. चूकच होऊ देत न्हाई."

मला हसू फुटलं. "मग चांगलंच आहे की!"

"कशाचं चांगलं?" तात्या स्टुलावर बसले. म्हणाले, "मनीची आई हुती तवर मी फोनवर येवढंच बोलायचो, जेवलीस का, घे आईशी बोल. आता ती गेली. फोन कुनाकडं देऊ? जेवलीस का झालं की मी बी गप, ती बी गप. मंग म्हनती, ठेवते तात्या. पन एरर आला की बोलती. एकेक ओळ वाचायला लावती. मधीच इचारती, दम लागतो का, गोळ्या घेतल्या का, आवाज का बसलाय. आता हेच्यात एररच येत न्हाई, तर काय म्हनून फोन लावू?"

"सहज लावा" असं अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. आमच्याकडचे बाप मुलीला सहज फोन करत नाहीत. कारण लागतं, तेही कामाचं.

 मी लॅपटॉप पुढे ओढला आणि त्यातल्या आपोआप दुरुस्तीच्या सगळ्या सोयी बंद करून टाकल्या. "आणि तात्या, कोलन-कंसाचे एरर आता पुरे. ते ती चुटकीसरशी काढते. इकडे बघा."

मग मी त्यांना शिकवलं. ओळ आत सरकवायला एका ठिकाणी टॅब दाबायचा, खालच्या ओळीला स्पेस. दिसायला दोन्ही ओळी सारख्या, पण मशीन अडून बसतं. फोनवरून निस्तरायचं तर एकेक ओळ मागे घेऊन पुन्हा सरकवत बसावं लागतं. इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता.

"येळ लागंल ना पन?" तात्यांनी काळजीने विचारलं.

"प्रोग्राम लांबलचक लिहा. दुपार जाईल."

रविवारी तात्यांनी भलामोठा प्रोग्राम लिहिला, लाल अक्षरं डोळे भरून बघितली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन क्लासच्या जिन्यात बसले. "मने, ह्यो लई अवघड दिसतोय गं. तुला येळ हाय का?" एवढं मला ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतं "हां... हां... घेतल्या गोळ्या... म्होरली ओळ वाचू?"

खाली पुढच्या बॅचची पोरं जमली होती, आणि वर यायला तो एकच जिना. मी खिडकीतून ओरडले, "थांबा रे खालीच, लाइट गेलीय!"

पोरं वर बघत राहिली. माझ्या डोक्यावर गरगर फिरणारा पंखा त्यांना खालून चांगला दिसत होता.