फटफटीवरचे लाल ठिपके

आमच्या सासरेबुवांचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला आहे. एक त्यांची मुलगी आणि दुसरी त्यांची टू-स्ट्रोक फटफटी. पैकी मुलगी त्यांनी मला कायमची दिली आणि फटफटी फक्त सांभाळायला, यावरून काय ते समजा. (मुलगी देताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. किल्ली देताना तीनदा पाहिलं.) ती फटफटी आमच्या जिन्याखालच्या अडगळीत कित्येक वर्षं ताडपत्री पांघरून पडली होती. परवा त्यांचा फोन आला.

"रविवारी येतोय. गाडी चालू करून ठेवा, एक चक्कर मारीन म्हणतो. आणि बरं का, तिचा एक नटसुद्धा मी बदललेला नाही. सगळं अस्सल आहे!"

ताडपत्री काढली. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, टायर बसले होते आणि किक मारली तेव्हा गाडीऐवजी माझा गुडघा बोलला. गाडी मेकॅनिककडे नेणं भाग होतं. एवढा साधा निर्णय, पण तो ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगायची मला दुर्बुद्धी झाली.

"जुनी गाडी? अस्सल पार्ट?" तो खुर्ची ओढून जवळ आला. "मेलास! हे लोक टपलेलेच असतात. अस्सल काढतात, डुप्लिकेट ठोकतात. तुला पत्तासुद्धा लागणार नाही."

मला एवढं पुरे होतं. मी मुळात संशयाचाच पगार घेतो. ऑफिसातल्या खुर्च्या, पंखे, कपाटं यांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचे आणि ती जागेवर आहेत की नाहीत ते बघत राहायचं, हे माझं काम. (एकदा साहेब खुर्चीत बसलेले असतानाच मी खाली वाकून नंबर तपासला होता. बढती अजून अडकलेली आहे.) तेव्हा फटफटीच्या प्रत्येक पार्टवरही खूण करायची, असं मी ठरवलं. ऑफिसचा रंग घरी आणणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (डब्यावरही नंबर आहे, आणि तो मीच टाकलाय.) म्हणून बायकोच्या ड्रॉवरमधली लाल नेलपॉलिशची बाटली उचलली. कार्ब्युरेटर, सायलेन्सर, हेडलाइट, हॉर्न, मडगार्ड, किक, सगळ्यांना कोपऱ्यात एकेक ठिपका लावला. इंजिनापर्यंत येईतो बाटली संपली. एवढं धूड कोण पळवणार, म्हणून ते देवावर सोडलं.

"अहो, माझं नेलपॉलिश कुठे गेलं?"

"उंदरांनी नेलं असेल."

"उंदीर नखं रंगवायला लागले वाटतं!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं मी फक्त नंबर पुसलेल्या खुर्चीकडे बघतो.

मेकॅनिक फार नम्र निघाला, आणि तिथेच माझा संशय बळावला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, वाकून एक ठिपका पाहिला, मग दुसरा पाहिला आणि मान डोलावली.

"कळलं साहेब. काळजी सोडा."

काय कळलं? विचारलं असतं तर माझी युक्ती उघडी पडली असती. म्हणून मी नुसता दम दिला, "माझं सगळीकडे बारीक लक्ष असतं बरं का!"

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला.

मग रोज ऑफिस सुटलं की मी त्याच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाळत ठेवू लागलो. (नुसतं उभं राहू देईनात, म्हणून स्वतःच्याच ओळखपत्राच्या झेरॉक्स काढत राहिलो.) एका संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो आमचा हेडलाइट काढून गोणीत भरत होता! मी ओरडणार होतो, पण त्याऐवजी दात-ओठ खात आणखी एक झेरॉक्स काढली. चोर मुद्देमालासकट पकडायचा असतो.

शनिवारी गाडी आणायला बायकोही निघाली. मी रोज उशिरा कुठून येतो, हे तिला बघायचंच होतं. गाडी नुसती लखलखत होती. मी गुडघे टेकून, टक्कल मडगार्डला घासत कोपरा न् कोपरा तपासला. ठिपका एकही नव्हता!

"माझे अस्सल पार्ट कुठे आहेत?" मी गरजलो.

"बदलले की! तुम्हीच खुणा करून दिल्यात ना?" मेकॅनिक गोंधळला. "बदलायच्या पार्टला लाल ठिपका लावायचा, ही आम्हा गॅरेजवाल्यांची पद्धत. मला वाटलं, गिऱ्हाईक जाणकार आहे. खरं तर चांगले होते हो सगळे पार्ट. पण तुम्ही दम दिलात, मग मी कशाला उलटं बोलू? हे घ्या, एकही टाकलेला नाही."

त्याने गोणी पुढे ठेवली. बायकोने त्यातून हॉर्न काढला, उलटा केला आणि ठिपक्यावर नख घासलं.

"उंदीर, नाही का?" एवढंच म्हणाली.

रविवारी सासरेबुवा आले. गाडीजवळ थांबले, हँडलवरून हात फिरवला.

"हा दिवा माझा नाही. हा हॉर्नही माझा नाही. जावईबापू, यात माझं काय आहे?"

"इंजिन," मी म्हणालो. "आणि नंबरप्लेट."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला मनापासून वाईट वाटलं. संशय मेकॅनिकचा घेतला आणि घात या भल्या माणसाचा केला. बायकोने गोणी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि माझा सगळा पराक्रम सांगितला. ते जिन्याच्या पायरीवर बसून एकेक पार्ट रुमालाने पुसू लागले. पुसता पुसता चेहरा खुलला.

"सगळे आहेत! आता मी इथेच राहतो. माझ्यासमोर एकेक पार्ट परत बसेल. जावईबापू लांब उभे राहतील."

सोमवारी ऑफिसात जो तो माझ्या डोक्याकडे बघून तोंड फिरवत होता. साहेब तर वाकून बघून गेले. शेवटी बेसिनच्या आरशात मान वाकडी करकरून पाहिलं, तर टकलाच्या मधोमध लाल ठिपका! मी झोपलेलो असताना लावलेला.

घरी आल्या आल्या मी बायकोला जाब विचारला, "म्हणजे मी बदलायचा पार्ट?"

"हो ना," ती नव्या बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "पण मेकॅनिकला विचारून आले. एवढ्या जुन्या मॉडेलला बदली मिळत नाही म्हणाला."