दोन गडवे पाणी

सुखदेवभाऊ कुठलंही यंत्र सुरू करायच्या आधी त्याला पाणी दाखवतात. विहिरीवरची मोटर असो, मोटरसायकल असो, नाही तर घरातला मिक्सर. पितळेचा गडवा भरून आणायचा, यंत्रासमोर ठेवायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच बटन दाबायचं. मोटर तर पाण्यातच बसलेली असते, तिला कसलं पाणी दाखवता, असं मी एकदा विचारलं होतं.

"काऊन मास्तर? हलवाई घरी जाऊन जेवत नाई का?" ते म्हणाले.

मी शाळेत मास्तर आहे, मुलांना गप्प बसवणं हा माझा धंदा. पण सुखदेवभाऊंनी मला जितक्या वेळा गप्प बसवलं तितकं आमच्या हेडमास्तरांनाही जमलं नाही.

मी मूळचा सुलतानपूरचा. बदली होऊन पिंपळगाव राजाला आलो आणि त्यांच्या भिंतीला लागूनच घर मिळालं. सुखदेवभाऊ साठी उलटलेले, उंच, काटक, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून जरा वाकून चालणारे. शेतात वांगी, मिरची, सांबार लावतात आणि खामगावच्या बाजारात नेतात. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं.

जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल त्यांचं एकच मत आहे: "मुकं जनावर आहे, बापा." मिक्सर घरघरला की त्याचा घसा बसलेला असतो. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की हे टाकीवर तळहात ठेवतात आणि "ताप आहे" म्हणतात. एकदा चौकात एक जण बंद पडलेल्या गाडीला किकवर किक मारत होता. सुखदेवभाऊ भाजीची टोपली खाली ठेवून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "तुले कोनी अशा लाथा मारून उठवलं तं उठशीन का बे?" तो माणूस इतका ओशाळला की गाडी ढकलत घेऊन गेला.

त्यांच्या मधल्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. त्यांची मुलगी उज्ज्वला कॉलेजात असताना घेतलेला. ती लग्न होऊन नाशिकला गेली, तिथंच नोकरी करते. कॉम्प्युटर इथंच राहिला. त्याचेही सगळे गुण-अवगुण सुखदेवभाऊ भिंतीवरून मला सांगतात. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं की तो "रवंथ करून राह्यला". पंखा जोरात फिरला की "धापा टाकून राह्यला". व्हायरस म्हणजे खुरकूत, आणि तो शेजारच्या जनावराकडून येतो, असं ते छातीठोकपणे सांगतात. यात चुकीचं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

या कॉम्प्युटरवर ते करत मात्र काहीच नाहीत. रोज सकाळी सुरू करतात, समोर थोडा वेळ बसतात, बंद करतात. ती वेळ माझी शाळेच्या घाईची. मला खिडकीतून फक्त त्यांची पाठ दिसायची. कशाला रोज सुरू करता, विचारलं तर म्हणाले, "बांधून ठेवलं का जनावर आखडते." आणि एक गोष्ट. बाकी सगळ्या यंत्रांना एक गडवा, कॉम्प्युटरला मात्र दोन. एक डब्याला, एक पडद्याला, असं मी आपल्या मनाशी ठरवून टाकलं आणि पुन्हा विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

यंदा पोळ्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गावात बैल धुणं चाललं होतं, मी निवांत चहा पीत होतो, तेवढ्यात सुखदेवभाऊ दारात.

"मास्तर, उठून नाई राह्यला तो."

"कोण?"

"उज्ज्वलाचा कॉम्प्युटर. सकाळपासून हंबरून राह्यला, पन डोळे उघडत नाई."

आता मी संगणकाचा कोर्स केला तो नोकरीसाठी कागद लागतो म्हणून. त्यात मला अर्ज टाईप करायला शिकवलं होतं. पण गावानं मला डॉक्टरच करून टाकलंय. कुरकुर करत चपला घातल्या आणि गेलो.

खोलीत पुरणाचा वास भरला होता. पडद्याच्या चारी कोपऱ्यांना बेगड चिकटवली होती, डब्यावर उज्ज्वलानं कधी तरी भरलेलं मेजपोस घातलं होतं, झूल घालतात तसं. शेजारी पाटावर पुरणपोळीचं ताट झाकून ठेवलेलं. पुढं दोन गडवे. मी बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि आतून बीप-बीप सुरू झालं. पडदा काळा तो काळाच. हंबरणं म्हणजे हे.

"काही केलं होतं का याला?"

"म्या का करीन त्याले?" सुखदेवभाऊ डब्यावर हात ठेवून बसले ते माझ्याकडे न बघता.

विमलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांची जीभ नवऱ्यापेक्षा धारदार. "मास्तर भाऊ, ते भंगारवाल्याले देऊन टाका अन् मले जेवू द्या. सकाळपासून उपाशी हाओ."

"मग जेवा ना, वहिनी."

"अशी कशी जेवू? पोळ्याले आधी बैल जेवतात, मंग मानूस."

"पण तुमच्याकडे बैल कुठे आहेत आता?"

त्यांनी हनुवटीनं त्या काळ्या पडद्याकडे दाखवलं. "त्यात."

मग त्यांनी मला आत बोलावून हळू आवाजात सांगितलं. पवळ्या आणि हरण्या ही त्यांची जोडी. गुडघे गेल्यावर सुखदेवभाऊंना औत धरवेना, तेव्हा ती जोडी रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याला विकली आणि वावर भाड्याच्या ट्रॅक्टरनं होऊ लागलं. जोडीच्या शेवटच्या पोळ्याला उज्ज्वलानं फोनवर एक फोटो काढला होता. तो तिनं कॉम्प्युटरवर असा लावून दिला की सुरू केला की समोर बैलच. पुढं तिचा तो फोन बिघडला. सुखदेवभाऊंचा फोन बटनांचा. फोटो राहिला तो या डब्यात एवढाच.

"कितीक डाव म्हनलं, खामगावातून मोठा फोटो काढून आना, भिंतीले लावू," वहिनी म्हणाल्या. "तं म्हनते, भिंतीले मेलेल्यायचे फोटो राह्यतात."

मी बाहेर आलो तेव्हा माझी कुरकुर संपली होती. वायर काढून पुन्हा लावली. विजेचा बोर्ड बदलून पाहिला. पडद्याची पिन घट्ट केली. बीप-बीप चालूच. शेवटी खामगावच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं मला धड बोलूही दिलं नाही. सणानंतर घेऊन या, बहुतेक डिस्क गेली असेल, म्हणाला.

"म्हणजे सगळं पुसून नवीन टाकावं लागेल?" मी मूर्खासारखं मोठ्यानं विचारलं.

"पुसून म्हनजे?" सुखदेवभाऊ.

मी फोन ठेवून दिला. आजारी जनावरापाशी बसतात तसे ते डब्याला टेकून बसले. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, लोकांचे बैल वेशीवरच्या तोरणाकडे निघाले होते, आणि पाटावरची पुरणपोळी गार होत होती. मला त्या दुरुस्तीवाल्याचा, कॉम्प्युटरचा आणि कोर्समध्ये नुसते अर्ज टाईप करायला लावणाऱ्या बाईंचा एकदमच राग आला. म्हटलं, निदान उघडून तरी बघू.

डब्याचे स्क्रू बोटांनीच फिरले. म्हणजे नुकतेच कुणी तरी काढलेले. मी सुखदेवभाऊंकडे पाहिलं. ते वासे मोजत होते. झाकण बाजूला केलं आणि आतून साजूक तुपाचा वास आला. इतक्या वर्षांत मी कॉम्प्युटरमधून धूळ, मुंग्या आणि एकदा पाल निघालेली पाहिली आहे. तूप पहिल्यांदाच. आतली रॅमची पट्टी पिवळीधमक झाली होती.

"भाऊ, हे काय?"

"हळद-तूप."

"आत कशाला लावलं?"

"काल खांदमळनी होती ना," ते म्हणाले, जसं काही हे मला ठाऊकच असायला हवं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. वर्षभर जू वाहून ते खांदे घट्टे पडून सुजलेले असतात. चोळून झालं की बैलांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सुखदेवभाऊंनी जन्मभर ते एकदाही चुकवलेलं नव्हतं, आणि जोडी गेल्यानंतरचा हा पहिलाच पोळा होता.

"जोडी राह्यते या डब्यात. मंग खांदा बी याचाच ना?" ते सांगू लागले. "उज्ज्वलाले एक डाव विचारलं होतं, बाई, याच्यात ओझं कोन वाह्यते? तं म्हने, बाबा, सारं ओझं रॅमवर पडते. धूळ झाडाची तवा कशी काढाची, कशी बसवाची, हे बी तिनंच फोनवर सांगतलं होतं. काल म्या ते पट्टी काढली, चांगली खालपर्यंत चोळली, होती तशी बसवली. आवतन देलं."

मला हसू फुटणारच होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "म्या मारलं का मास्तर त्यायले?"

हसू जिथल्या तिथं विरलं. "नाही भाऊ," मी म्हणालो, "मरत-बिरत नाही कुणी. स्पिरिट आहे का घरात?"

ते उठून मागच्या गोठ्यात गेले. गोठा रिकामा, पण फळीवर जनावरांच्या औषधांची पेटी अजून होती; घट्ट बूच लावलेली स्पिरिटची बाटली, कापूस, सगळं जागच्या जागी. मी पट्टी काढली, कापसानं तूप पुसलं, मग खोडरबर घासला. खोडरबर माझ्या खिशात कायम असतो, मुलांकडून जप्त केलेला. जिथं ती पट्टी बसते ती खाच जुन्या दातांच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केली. सुखदेवभाऊ बॅटरी धरून वाकले होते आणि सारखे म्हणत होते, "सावकाश, बापा, सावकाश. झालंच आता." आधी वाटलं, मला सांगताहेत. मला नव्हते सांगत.

सगळं पंख्याखाली वाळू दिलं. पट्टी परत बसवली, कट्ट आवाज आला. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दाबा, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी गडव्यांतलं पाणी बदलून आणलं, दोन्ही गडवे पुढं सरकवले, थांबले आणि बटन दाबलं. एकच बीप. मग काही नाही. मग पडदा उजळला आणि ते चक्र फिरायला लागलं.

"रवंथ करून राह्यला," मीच म्हणालो.

आणि आले. अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंगं. अंगणात उभी असलेली पांढरीशुभ्र जोडी. मधे दोन्ही कासरे धरून सुखदेवभाऊ, पण गळ्यापर्यंतच. बैलांची शिंगं पूर्ण यावीत म्हणून उज्ज्वलानं बापाचं डोकं कापलं होतं. दोन गडवे कुणासाठी असतात, ते मला इतक्या दिवसांनी कळलं. डब्याला आणि पडद्याला म्हणे! मी सगळ्यात आधी तो फोटो माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवला.

सुखदेवभाऊंनी ताटावरचं झाकण काढलं, पुरणपोळीचा घास मोडला आणि पडद्याच्या डाव्या बाजूला धरला, मग उजव्या. "पवळ्याले आधी लागते," ते मला म्हणाले, "नाई तं रुसते." भंगारवाल्याला बोलवायला निघालेल्या विमलवहिनी डोक्यावर पदर घेऊन पुढं आल्या, कुंकवाचं बोट दोन्हीकडं टेकवलं आणि वाकून नमस्कार केला.

मला राहवेना. म्हणालो, "भाऊ, रोहिणखेड काही फार लांब नाही. माझ्या गाडीवर जाऊ. एकदा भेटून या त्यांना."

"गेलो होतो एक डाव. फाट्यापासून वापस आलो."

"काऊन?"

ते पडद्यावरचं कुंकू पसरू नये म्हणून उपरण्याच्या टोकानं हळूच टिपत होते.

"मले पाह्यलं असतं, तं त्यायले वाटलं असतं, हा आपल्याले घरी न्याले आला."

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. डोळे भरून आले, ते मी पंख्याच्या वाऱ्यावर ढकलले. वहिनींनी पाट मांडले, ताटं वाढली, माझंही वाढलं.

"चला," त्या म्हणाल्या, "बैल जेवले. आता मानसं बसा."